फिटची गोळी आणि चोंदलेलं नाक

रायपूरला उरला-सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर बसते, तशी नाकातही. त्यामुळे फिटची गोळी चालू असलेल्याचं नाक चोंदलं, की दोष औषधाचा की हवेचा, हे लगेच ठरत नाही. गोळ्या निर्दोष नाहीतच. १९१२पासून वापरात असलेल्या फेनोबार्बिटोनने गुंगी येते, जास्त मात्रेत श्वासही मंदावतो. क्लोबाझाम, क्लोनाझेपामने घशाचे स्नायू सैलावतात. व्हॅल्प्रोएटने वजन वाढलं की घोरणं वाढतं, झोपेत श्वास अडकू लागतो. लेव्हेटिरासिटामच्या माहितीपत्रकात तर नाक-घशाची सर्दी नोंदलेलीच आहे.

मग गोळीच सोडली तर? गफलत होते ती इथेच. श्वास अडकून झोप अपुरी राहिली तर फिट येऊ शकते हे खरं, पण औषध एकदम बंद केलं तर फिट थांबेनाशी होऊन जिवावर बेतू शकतं. उलट झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्यावर उपचार केल्यावर काहींच्या फिटही कमी होतात. दुकानातून परस्पर आणलेली सर्दीची गोळीही साधी समजू नका. तिच्यातलं क्लोरफेनिरामाइन गुंगीत भर घालतं, क्वचित फिटही जागवतं. त्यापेक्षा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवा, आणि रात्री घोरताना मध्येच श्वास थांबतो का, हे घरच्यांना बघायला सांगून पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घाला.