इंधनाचा हिशेब एका मापात ठेवा

राजूरचा कापूस वणीच्या बाजारात नेताना भाड्यात डिझेलचा वाटा मोठा असतो. म्हणून वाहन निवडताना अथवा भाडे ठरविताना इंधनाचा हिशेब शेतकरी बंधूंना स्वतः करता आला पाहिजे.

1956 च्या कायद्याने देशात दशमान मापे आली. तथापि ‘मायलेज’ या शब्दात मैल टिकून आहे. मैल 1.609 किलोमीटरचा व ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा. म्हणून गॅलनमागे 20 मैल म्हणजे लिटरमागे सुमारे 7 किलोमीटर. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचाच, त्या मापाने हाच आकडा साडेआठ होतो. गॅलन कोणता, हे प्रथम पाहावे.

100 ला लिटरमागील किलोमीटरांनी भागले, की शंभर किलोमीटरांस लागणारे इंधन कळते. लिटरमागे 5 किलोमीटर धावणाऱ्या गाडीस 20 लिटर लागतात. 6 धावणारीस सुमारे 16.7. बचत 3.3 लिटर. परंतु 15 ऐवजी 16 मिळाल्यास अर्धा लिटरही वाचत नाही. वाढ दोन्हीकडे एकच किलोमीटर, बचतीत मात्र आठपट अंतर! म्हणून जास्त इंधन खाणारे वाहन आधी सुधारावे.

ट्रॅक्टरच्या नांगरटीचा हिशेब मात्र एकरामागे लिटरांत ठेवावा. ग्रामसेवकांनी ही रीत फळ्यावर मांडून समजावून द्यावी.