जिभेला घराणं कळतं का? रेड वाइन पारखण्याची रीत

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)

मंडळी, राजूर म्हटलं की कोळसा आणि चुनाभट्ट्या. इथं वाइनवर काय बोलायचं, असं वाटणं साहजिक आहे. शेजारचा चंद्रपूर जिल्हा २०१५ ते २०२१ दारूबंदीत होता, म्हणजे विषय नाजूकही आहे. म्हणून आधीच सांगतो, आज प्यायचं काही नाही. बाटलीवर 'जुनं घराणं' असं लिहिलेलं असतं, त्यातलं जिभेला नेमकं किती कळतं, एवढंच बघायचंय.

उदाहरण घेऊ इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या अँतिनोरी घराण्याचं. १३८५ साली या घराण्यातला जोव्हान्नी दी पिएरो तिथल्या वाइनवाल्यांच्या संघात दाखल झाला. तेव्हापासून सव्वीस पिढ्या हाच धंदा. आज तीन बहिणी कारभारात आहेत. आपल्याकडे नारायणगावला शामराव चौगुले यांनी वाइननिर्मिती सुरू केली ती १९८०च्या दशकात. म्हणजे आपला हिशोब अजून एक-दोन पिढ्यांचाच.

या अँतिनोरींची 'तिन्यानेल्लो' नावाची रेड वाइन समोर आहे असं समजा. पहिलं काम डोळ्यांचं. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरायचा. काळ्या द्राक्षांचा रससुद्धा बहुतेक वेळा पांढराच असतो. रंग येतो तो सालीतून. नव्या वाइनची कड जांभळट दिसते, मुरलेलीची विटकरी.

मग नाक. पेला गोल फिरवून वास घ्यायचा. आपण जिला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासच असतो. सर्दीत भाजी बेचव लागते ना, तेच कारण.

मग जीभ. छोटा घोट तोंडभर फिरवायचा. कच्च्या केळ्यासारखा हिरड्यांना तुरटपणा आला, तर ते टॅनिन. साल, बी आणि लाकडी पिंपातून आलेलं. गालात लाळ सुटली तर आंबटपणा. घशाशी ऊब जाणवली तर अल्कोहोल. या तिघांत कुणीच वरचढ नसेल आणि चव मागे रेंगाळत असेल, तर वाइन चांगली.

तिन्यानेल्लोचा मळा चुनखडीच्या जमिनीत आहे. म्हणून चुन्याची चव येते का? नाही. मुळांतून चुना चढून पेल्यात येत नाही. जमिनीचा परिणाम होतो तो पाण्याचा निचरा आणि वेलीची वाढ यांतून.

आता गंमत बघा. त्या काळी कियांती भागाच्या नियमात रेड वाइनमध्येही थोडी पांढरी द्राक्षं घालावी लागत. पिएरो अँतिनोरींनी १९७१च्या वाइनपासून तो नियम सोडला, छोट्या पिंपांत वाइन मुरवली, पुढे काबर्ने द्राक्षही मिसळलं. शिक्षा काय? लेबलवर 'साधी जेवणाची वाइन' असं लिहावं लागलं! म्हणजे घराणं जुनं, पण भरवसा ठेवला तो जिभेवर.

उलट बाजूही आहे. फ्रान्सच्या बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेलं नाकसुद्धा डोळ्यांमागे जातं, तर भारी नावामागे का नाही जाणार? म्हणून खरी पारख करायची तर बाटली कापडात गुंडाळूनच करावी.

शेवटचा मुद्दा. २०२२ साली सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय राज्यात गाजला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य खूप ऐकू आलं. पण अशा रेड वाइनमध्ये साधारण १३-१४ टक्के अल्कोहोल असतं. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. सव्वीस पिढ्यांची पुण्याई त्यात फरक करत नाही. धंद्यानं वाइन चाखणारे लोक घोट थुंकून टाकतात, ते उगाच नाही. पारखायला घोट पुरतो, गिळावा लागत नाही.