फिरताना खा, पण पातेले कधी उतरले ते विचारून

सुट्या लागल्या की नांदेड आणि लातूरचे रस्ते पाहुण्यांनी गजबजतात. नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनासाठी थेट पंजाबातून भाविक येतात. कोणी पुढे कंधारचा किल्ला पाहतो, कोणी माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला जातो. लातूरकडे वळलेली मंडळी सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या गंजगोलाईत खरेदी करतात, औशाचा किल्ला आणि खरोशाची लेणी पाहतात. फिरण्याबरोबर खाणे आलेच. नांदेडची बिर्याणी आणि तहरी, लातूर जिल्ह्यातला निलंगा राइस, औसा तालुक्यातल्या उजनीची बासुंदी यांसाठी वाट वाकडी करणारे कमी नाहीत. पण परतीच्या प्रवासात घरातले दोघे-तिघे उलट्या-जुलाबांनी आडवे झाले, की सहलीची सगळी मजा जाते. ‘बाहेरचे बाधले’ एवढे म्हणून विषय संपतो. नेमके काय आणि का बाधते, हे समजले तर बराचसा त्रास टाळता येतो.

कोष्टवाडीचा धडा

फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे एका धार्मिक कार्यक्रमात महाप्रसाद घेतल्यानंतर सुमारे दोन हजार लोकांना मळमळ, उलट्या आणि जुलाबांचा त्रास झाला. शेकडो रुग्णांना दवाखान्यात हलवावे लागले. संध्याकाळी जेवलेली माणसे रात्र सरता सरता आजारी पडली. मोठ्या प्रमाणावर शिजवलेले अन्न बिघडले, तर एका वेळी किती लोकांना फटका बसतो, हे या घटनेने दाखवून दिले.

अन्न मोठ्या पातेल्यात शिजवले की एक अडचण येते. लहान कढईतली भाजी लवकर थंड होते. पन्नास-शंभर माणसांची बिर्याणी किंवा आमटी मात्र बाहेरून गार लागली, तरी मधोमध कितीतरी तास कोमट राहते. ५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान जंतूंच्या वाढीला पोषक असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर उघड्यावर ठेवलेले सगळेच अन्न या पट्ट्यात येते.

पुन्हा गरम केले तरी...

‘उकळी आणली की जंतू मरतात’ हा समज अर्धाच खरा आहे. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते भात शिजतानाही तग धरतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या सुरू होतात.

खवा, बासुंदी, पेढे यांसारख्या दुधाच्या पदार्थांत धोका असतो तो ‘स्टॅफिलोकॉकस’चा. तो माणसाच्या नाकात आणि हातावरच्या जखमेत असतो आणि हाताळणीतून पदार्थात जातो. त्याचेही विष उष्णतेला दाद देत नाही. मटणाच्या किंवा डाळीच्या मोठ्या पातेल्यात ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ वाढतो आणि साधारण आठ-बारा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब होतात. म्हणूनच रात्री त्रास झाला, तर शेवटी खाल्लेल्या पदार्थालाच दोष देणे बरोबर नसते.

हॉटेल की हातगाडी?

नुसत्या चकचकीत टेबलावरून अन्नाची पारख होत नाही. शिजल्यापासून ताटात येईपर्यंत किती वेळ गेला, हे जास्त महत्त्वाचे. लंगरात किंवा गर्दीच्या खानावळीत अन्न शिजते आणि लगेच पंगतीत जाते, ही त्याची जमेची बाजू. डोळ्यांदेखत तव्यावर होणारा डोसा हा फ्रीजमधून काढून गरम केलेल्या रश्श्यापेक्षा सुरक्षित असू शकतो.

जेवायला बसण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. भातातून वाफ निघते का? वाढणारा त्याच हाताने पैसे घेतो का? चटणी आणि कांदा-काकडी उघडी आहे का? बासुंदी थंड कपाटात आहे की काउंटरवर? परवाना क्रमांक दर्शनी भागात लावला आहे का? शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. कडक उन्हाळ्यात एक तासही पुष्कळ झाला. त्यामुळे दुपारी बांधून घेतलेली बिर्याणी गाडीत ठेवून रात्री खाणे हा सर्वांत वाईट बेत.

पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला टंचाई नवी नाही. टंचाईत पाणी टँकर, टाकी, माठ असा प्रवास करते आणि प्रत्येक टप्प्यावर दूषित होण्याची शक्यता वाढते. उकळलेले किंवा सीलबंद पाणी सोबत ठेवावे आणि उसाच्या रसातला बर्फ टाळावा.

त्रास झालाच तर

उलट्या-जुलाबांत जिवाला धोका होतो तो मुख्यतः शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाल्याने. म्हणून पहिले औषध म्हणजे ओआरएस. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराच्या रुग्णांना हेच द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. पुडी मिळाली नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट पाजावे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध थांबवू नये.

जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. मोठ्यांनीही ताप किंवा शौचातून रक्त असताना घेऊ नयेत. लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, ग्लानी येणे, रक्त पडणे किंवा पाणीही पोटात न टिकणे, यांपैकी काही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्याबाबत वाट पाहू नये.

एकाच ठिकाणी जेवलेल्या अनेकांना त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे. उरलेले अन्न फेकून न देता झाकून ठेवावे. त्याचा नमुना तपासता आला, तर त्याच पातेल्यातून पुढे होणारे वाटप वेळीच थांबवता येते.