भूकंप, जुन्या वास्तू व छायाचित्रांची साक्ष

छायाचित्र म्हणजे प्रत्यक्ष वस्तूच, त्यास निराळ्या पुराव्याची गरज नाहीं, असा कित्येकांचा समज दिसतो. तो कितपत ग्राह्य आहे हें ठरविण्यास इटलींतील एक प्रकरण उपयोगी असल्यामुळें त्याचा येथें थोडक्यांत विचार करतों.

ता. १६ डिसेंबर १८५७ च्या रात्रीं नेपल्सच्या तत्कालीन राज्यांत, मुख्यतः बासिलिकाता प्रांतांत, मोठा भूकंप झाला. सुमारें दहा हजार माणसें दगावलीं; मोंतेमुर्रो, सापोनारा, पोल्ला इत्यादि गांवें उद्ध्वस्त झालीं; इ. स. १३०६ मध्यें स्थापन झालेल्या पादुला येथील सान लोरेंझो मठासही इजा पोंचली. रॉबर्ट मॅलेट या आयरिश इंजिनिअरानें लंडनच्या रॉयल सोसायटीकडून १५० पौंडांचें साहाय्य मिळवून फेब्रुवारी १८५८ मध्यें हा प्रदेश स्वतः हिंडून पाहिला. नेपल्समधील फ्रेंच छायाचित्रकार आल्फोंस बर्नू याचीं दीडशेंवर छायाचित्रें त्याच्या निवेदनास जोडलेलीं आहेत. त्यांपैकीं कांहीं स्टिरिओस्कोपांतून पाहावयाचीं असल्यामुळें भिंतीचा झोकही त्यांत कळतो.

मॅलेटची विचारसरणी अशी कीं, भिंतीच्या भेगेस लंब रेषा काढल्यास धक्क्याची दिशा समजते, व गांवोगांवच्या अशा रेषा जेथें मिळतात त्याखालीं भूकंपाचें मूळ असतें. परंतु भेग ही दगड, चुना, बांधणी व जमीन यांवरही अवलंबून असते, हें पुढील संशोधनानें दाखविलें. त्यानें काग्यानो गांवाजवळ ठरविलेलें केंद्र व सर्वाधिक हानि झालेलें आग्री नदीचें खोरें यांत बरेंच अंतर पडतें. नुकसानीच्या प्रतवारीनें त्यानें आखलेला नकाशा मात्र आजही अभ्यासकांस उपयोगी पडतो.

म्हणून अशा चित्रांचा उपयोग करतांना तारतम्य राखावें लागतें. त्या रात्रीं थोड्याच वेळाच्या अंतरानें दोन मोठे धक्के बसले. चित्रांत दोहोंचा परिणाम एकवटलेला आहे, आणि मागाहून जें पडलें किंवा लोकांनीं पाडलें तेंही त्यांत मिसळलें असणें शक्य आहे. शिवाय त्या काळच्या कांचेवर स्थिर भिंत रेखीव उमटे, पण हालणारा मनुष्य पुसट होई. तेव्हां चित्रांतील निर्मनुष्यतेवरून गांव ओस पडलें होतें असें अनुमान काढूं नये. तसेंच इ. स. १८६२ च्या छापील ग्रंथांतील कित्येक चित्रें छायाचित्रांवरून काढलेलीं शिळाछापाचीं आहेत. अस्सल पत्र व त्याची नक्कल यांत आपण जो भेद करतों, तोच येथें करावा.

इतकें असूनही या चित्रांचें मोल कमी होत नाहीं. ता. २३ नोव्हेंबर १९८० रोजीं याच भागाजवळ पुन्हां मोठा भूकंप झाला. एखाद्या जुन्या भिंतीची भेग १८५८ च्या चित्रांत दिसत असल्यास ती १९८० ची नव्हे, हें निर्विवाद ठरतें. उलट, चित्रांत दिसत नाहीं म्हणून ती त्या वेळीं नव्हतीच, असें मात्र म्हणतां येत नाहीं.