अनोळखी दारापुढचे धैर्य : केडगावच्या ‘मुक्ती’तील स्त्रिया आणि ख्रिस्ती साक्ष

ख्रिस्ती धर्मात ‘साक्ष देणे’ या शब्दप्रयोगाला विशेष अर्थ आहे. येशू ख्रिस्तामुळे आपल्या आयुष्यात जे घडले असे एखादी व्यक्ती मानते, ते तिने दुसऱ्यापुढे उघडपणे सांगणे म्हणजे साक्ष. आणि हे काम केवळ पाळकाचे किंवा धर्मगुरूचे नसून प्रत्येक श्रद्धावानाचे आहे, ती देवाची आज्ञा आहे, अशी या धर्माची धारणा आहे. घरच्या माणसांपुढे किंवा उपासनेला जमलेल्या मंडळीत ही साक्ष देणे फारसे अवघड नसते, परंतु ज्याचे नाव, गाव, जात, स्वभाव यांपैकी काहीच ठाऊक नाही अशा माणसापुढे तोंड उघडताना भल्याभल्यांची जीभ जड होते. हा प्रश्न पुस्तकी नाही. भीमा नदी जिथे शिरूर आणि दौंड या तालुक्यांना विभागते, त्या भागात एका काठाला मांडवगण फराट्यासारखी शेतीवर जगणारी गावे आहेत आणि दुसऱ्या बाजूला, दौंड तालुक्यात, पुणे-दौंड लोहमार्गावरचे केडगाव आहे. या केडगावात विसाव्या शतकाच्या आरंभी काही तरुण स्त्रियांनी हा प्रश्न प्रत्यक्ष जगून सोडवण्याचा प्रयत्न केला.

त्यांचा प्रयत्न समजण्यासाठी बायबल भीतीकडे कसे पाहते हे आधी ध्यानात घ्यावे लागते. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या कार्याच्या वृत्तांतात, पेत्र आणि योहान यांना धर्मसभेने अटक करून दटावून सोडल्याचा प्रसंग आहे. सुटून आल्यावर त्यांच्या सोबत्यांनी जी प्रार्थना केली तीत संकट टळावे ही मागणी नाही, धमक्या कायम असतानाही बोलण्याचे बळ मिळावे असे मागणे आहे. त्याच पुस्तकात दमास्कस येथील हनन्या नावाच्या शिष्याला, ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाकडे जाण्याची आज्ञा होते, तेव्हा तो लगेच उठून निघत नाही. आपल्याला का भीती वाटते ते तो देवालाच सांगतो आणि मग जातो. हाच शौल पुढे पौल झाला, आणि करिंथ येथील मंडळीला लिहिताना आपण त्यांच्याकडे भीत भीत, कापत आलो होतो हे त्यानेही लपवले नाही. भय असणे हा या परंपरेत दोष मानलेला नाही, भय असतानाही आज्ञा पाळणे याला धैर्य म्हटले आहे, आणि ते स्वभावात नसले तर मागून घ्यावयाचे असते.

केडगावच्या ‘मुक्ती’ संस्थेच्या संस्थापक पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या स्वभावात निर्भयपणा मुळातच होता असे त्यांचे चरित्र वाचणाऱ्याला वाटते. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने संस्कृत विद्येच्या बळावर कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या, बंगाली गृहस्थाशी आंतरजातीय विवाह केला, दोन वर्षांतच वैधव्य आल्यावर पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा जलसंस्कार, घेतला. तरीही धर्माविषयी बोलावे की गप्प राहावे, हा पेच त्यांनाही चुकला नाही. १८८९ मध्ये उच्चवर्णीय विधवांसाठी मुंबईत सुरू केलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी ग्वाही त्यांनी दिली होती. मात्र रमाबाई स्वतः ज्या खोलीत प्रार्थना करीत तिचे दार त्या बंद करीत नसत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने कठोर टीका केली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात पालकांचा राग अनाठायी होता असे म्हणता येत नाही, कारण शिक्षणासाठी म्हणून पाठवलेली मुलगी धर्मांतराच्या वाटेवर जाईल ही त्यांची धास्ती खरी होती आणि तटस्थतेच्या ग्वाहीवर त्यांनी विश्वास टाकला होता. पण रमाबाईंची बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. कोणावर सक्ती न करता स्वतःची प्रार्थना लपवायचीही नाही, ही भूमिका त्यांनी समाजातील प्रतिष्ठा आणि जवळचे आधार गमावूनही सोडली नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळात हा आज्ञापालनाचा विचार दुसऱ्या रूपाने पुढे आला. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाईंना मध्य प्रांतातील उपासमारीच्या बातम्या स्वस्थ बसू देईनात. हाती पैसा नाही आणि आपली ताकद अपुरी आहे ही जाणीव असूनही, देवाने जायला सांगितले आहे या विश्वासावर त्या तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती आणि एवढ्या माणसांना शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. ‘मुक्ती’ या नावाने ओळखली जाणारी वसाहत अशी उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या आणखी वाढली, आणि शाळा, शेती, विणकाम, छापखाना, अंधांचे शिक्षण असे अनेक उद्योग तिच्यात चालू झाले.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी येथे एक प्रार्थनागट सुरू केला. वेल्समध्ये आणि खासी टेकड्यांत त्या काळी ‘संजीवन’ होत असल्याच्या, म्हणजे थंडावलेली श्रद्धा सामूहिकपणे पुन्हा जागी होत असल्याच्या, बातम्या आल्या होत्या. गट वाढत गेला आणि जूनपर्यंत शेकडो स्त्रिया व मुली रोज प्रार्थनेला जमू लागल्या. नंतर रमाबाईंनी विचारले की, शाळेचा अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला कोण जाईल? शुभवर्तमान म्हणजे येशूच्या जीवनाची, मरणाची आणि पुनरुत्थानाची वार्ता. तीस तरुणी पुढे आल्या.

या तीस जणींचा निर्णय किती मोठा होता हे आजच्या वाचकाला सहज कळणार नाही. मुक्तीतील बहुतेक स्त्रिया दुष्काळातून वाचलेल्या, अनाथ किंवा लहान वयात विधवा झालेल्या होत्या, आणि त्या काळच्या खेड्यात विधवेने चारचौघांसमोर येणेही अपशकुन मानले जाई. अशा स्त्रीने परक्या गावात जाऊन, परक्या उंबरठ्यावर उभे राहून, तेही बहुसंख्यांना परका वाटणाऱ्या धर्माविषयी बोलायचे, म्हणजे हेटाळणी, ‘बाटली’ हा शेरा आणि गोऱ्यांच्या पैशावर पोसल्याचा आरोप या सगळ्याला आधीच तयार राहायचे. शिवाय श्रोत्यांपेक्षा आपले शिक्षण, आपली जात, आपले वय कमी पडते ही आतली भीती होतीच, आणि ती बाहेरच्या उपहासापेक्षा अधिक मुकाट करणारी असते.

त्यावर मुक्तीने जो उपाय केला तो या सगळ्या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. त्या तरुणींना भाषणकला शिकवून किंवा युक्तिवाद पाठ करवून बाहेर पाठवण्याची घाई झाली नाही. त्या रोज एकत्र बसून बळ मागत राहिल्या. हीच प्रार्थना चालू असताना २९ जूनच्या पहाटे त्यांच्यातील एकीला पवित्र आत्म्याचा, म्हणजे श्रद्धावानाच्या अंतरी कार्य करणाऱ्या देवाच्या आत्म्याचा, असा उत्कट अनुभव आला की ती खरोखरच आगीत सापडली आहे असे वाटून सोबतीण पाण्याची बादली आणायला धावली, असे मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांच्या वृत्तांतात आले आहे. पुढच्या दिवसांत रडणे, पापांची कबुली आणि मोठ्याने प्रार्थना यांनी सारी वसाहत ढवळून निघाली, आणि त्यातूनच स्त्रियांचे गट पाळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. अशा भावनोत्कटतेकडे काही ख्रिस्ती लोकही साशंकतेने पाहत आणि ती साशंकता अगदीच निराधार नव्हती. तरी एक गोष्ट मान्य करावीच लागते : माणसाला गप्प करणारी भीती चारचौघांकडून येते, म्हणून तिला सामोरे जाण्याचे बळही एकट्याने मिळवणे कठीण असते, आणि ते बळ गटात, नित्य प्रार्थनेत मिळवावे हे रमाबाईंनी अचूक हेरले होते.

ऐकणाऱ्याच्या बाजूनेही हा विषय पाहता येतो, आणि त्यासाठी महाराष्ट्रात कवी नारायण वामन टिळक यांच्याहून बोलके उदाहरण नाही. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी सौजन्याने संभाषण केले, नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते तेव्हा पटले नाही, परंतु त्यांनी पुस्तक वाचायचे कबूल केले, आणि वाचता वाचता येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांच्या विरहाने मोजली, हे त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. त्या प्रवाशाने वाद घातला नाही, आमिष दाखवले नाही, पाठलाग केला नाही. त्याने फक्त आपले म्हणणे सांगितले, पुस्तक दिले आणि पुढचा निर्णय टिळकांवर सोडला.

हा निर्णय ऐकणाऱ्याचाच असतो, हे आजच्या कायद्यातही स्पष्ट आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन राहून धर्म आचरण्याचे, उघडपणे मानण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच वेळी सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे, असा निर्वाळा दिला. साक्ष देणाऱ्याने हा निर्वाळा अडथळा मानण्याचे कारण नाही. ज्याला नकार ऐकून घेता येत नाही आणि नकारानंतरही त्याच शेजाऱ्याशी सलोख्याने राहता येत नाही, त्याच्या धैर्यात आज्ञापालनापेक्षा हट्टाचा भाग अधिक असतो.

रमाबाईंना आणखी एक उणीव जाणवली होती. खेड्यातल्या बाईपुढे बोलायला उभे राहायचे, तर तिला कळेल अशा मराठीत बायबल हाती असले पाहिजे, आणि उपलब्ध भाषांतराची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर व दूरची वाटत होती. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल स्वतः सोप्या मराठीत आणले, आणि त्याच्या छपाईचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी हे काम थांबले नाही. भाषांतर हातावेगळे झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.