झोपलेल्या शहराचे पाणी

रात्रीचे दोन वाजले आहेत. स्वयंपाकघरे निजली आहेत, न्हाण्या कोरड्या आहेत, बहुतेक कारखान्यांची यंत्रे थांबली आहेत. अशा वेळी शहराच्या मुख्य जलवाहिनीवरील मीटर पाहिला, तर त्याचा काटा जवळजवळ स्थिर असावा अशी आपली अपेक्षा असते. परंतु पुष्कळ शहरांत तो स्थिर नसतो. कोणी पीत नाही, कोणी न्हात नाही, तरीही पाणी वाहतच असते. ते जाते कोठे? पाणीपुरवठ्याच्या शास्त्रात ह्या प्रवाहाला किमान रात्रप्रवाह म्हणतात. आणि शहराने पाण्याची काटकसर कोठून आरंभावी, ह्याचे उत्तर बहुधा ह्या एका आकड्यात दडलेले असते.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराच्या कडेला खायेलित्शा नावाची एक मोठी वस्ती आहे. वर्णभेदाच्या राजवटीत, १९८० नंतरच्या दशकात, कृष्णवर्णीयांसाठी ती वसवण्यात आली. २००० सालच्या सुमारास तेथे साडेचार लाखांच्या आसपास लोक राहत होते. ह्या गरीब वस्तीत मध्यरात्री किती पाणी शिरते ते मोजले गेले, तेव्हा तासाला सुमारे १६ लाख लिटर असा आकडा निघाला. दहा हजार लिटरांचे १६० टँकर दर तासाला रिकामे व्हावेत, आणि तेही सारे झोपेत असताना!

अशा प्रसंगी दोष लोकांच्या सवयींना देणे फार सोपे असते. दोनचार व्याख्याने द्यावीत, भिंतींवर उपदेश लिहावा, की कर्तव्य संपले. परंतु खरे कारण निराळे होते. वस्तीला येणाऱ्या जलवाहिन्यांतील दाब फार मोठा होता, आणि घरांतील तोट्या व शौचालयांच्या टाक्यांतील झडपा तो दाब सोसण्याइतक्या मजबूत नव्हत्या. घरोघर पाणी ठिबकत होते, झिरपत होते, आणि सांडपाण्याच्या गटारात जात होते.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बादली भरावयाची असेल, तर दाब कमी असो वा जास्त, लागणारे पाणी तेवढेच. फार तर वेळ थोडा अधिक लागेल. फुटक्या सांध्याचे तसे नाही. दाब जितका अधिक तितकी त्यातून धार मोठी. म्हणूनच बेताचा दाब कमी केल्याने माणसाची तहान मारली जात नाही, गळती मात्र मारली जाते. खायेलित्शाला पाणी आणणाऱ्या दोन मोठ्या जलवाहिन्यांच्या तोंडाशी २००१ साली दाब नियंत्रित करणारे व्हॉल्व्ह बसवण्यात आले. रात्री वापर नसताना दाब आणखी उतरेल अशी योजना केली गेली. वर्षाला सुमारे ९०० कोटी लिटर पाणी वाचले. पूर्वी पुरवावे लागणाऱ्या पाण्याचा हा जवळजवळ चाळीस टक्के भाग होय. घरोघर कोणालाही उपदेश करावा लागला नाही.

ह्याचा अर्थ नागरिकांनी काहीच करावयाचे नाही, असा मात्र नव्हे. पुढे त्याच केपटाऊनवर खरा प्रसंग गुदरला. ह्या शहराला पाऊस मिळतो तो तेथील हिवाळ्यात, म्हणजे मेपासून ऑगस्टपर्यंत. आणि २०१५, २०१६, २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षे तो तुटपुंजा झाला. सहा मोठ्या धरणांवर सुमारे चाळीस लाख लोकांची तहान अवलंबून होती. २०१८ च्या आरंभी नगरपालिकेने जाहीर केले की, धरणांतील साठा १३.५ टक्क्यांवर आला की बहुतेक घरांचे नळ बंद होतील आणि प्रत्येकाला दिवसाला २५ लिटर पाणी, सुमारे २०० ठिकाणी रांगा लावून, न्यावे लागेल. ह्या दिवसाला ‘शून्य दिवस’ हे नाव पडले. तो एप्रिलमध्ये येईल असा हिशेब होता.

१ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटरांची मर्यादा घालण्यात आली. त्यात स्नान, स्वयंपाक, कपडे, शौच सारे आले. जुन्या फ्लशच्या टाकीची साखळी एकदा ओढली तर नऊदहा लिटर जातात, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या मर्यादेची कठोरता कळते. लोक बादलीत उभे राहून न्हाऊ लागले आणि तेच पाणी शौचालयात ओतू लागले. स्नान दोन मिनिटांत उरकावे म्हणून तेथील गायकांनी आपली गाणी दोन मिनिटांची करून दिली! पाण्याचे दर पायऱ्यापायऱ्यांनी चढवण्यात आले. मर्यादेत राहणाऱ्या घरांवर हिरवा ठिपका दाखवणारा शहराचा नकाशा प्रसिद्ध झाला. हा अखेर चावडीवर नावे लावण्याचाच प्रकार होता, आणि तो कित्येकांना रुचलाही नाही. एल्गिन व ग्राबो भागातील बागायतदारांनी आपल्या साठ्यातील सुमारे १००० कोटी लिटर पाणी शहराच्या धरणाकडे सोडले. २०१५ च्या उन्हाळ्यात दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर पाणी पिणारे हे शहर २०१८ च्या मार्चपर्यंत ५० कोटींच्या आसपास आले. शून्य दिवस पुढे पुढे गेला, जूनमध्ये पाऊस आला, आणि तो दिवस उगवलाच नाही.

ह्या यशाला एक बोचणारी बाजू आहे. झोपडवस्त्यांतील लोक शहराच्या एकंदर पाण्यापैकी अवघे पाच टक्के वापरत होते. सार्वजनिक नळाची रांग त्यांना नवी नव्हती. तिची भीती वाटली ती बागबगीचे व पोहण्याचे तलाव असलेल्यांना. श्रीमंतांनी आवारात कूपनलिका खोदून घेतल्या. दुसरी अडचण हिशेबाची होती. पाणी कमी खपले तेव्हा पाणीपट्टीचे उत्पन्नही घटले. परंतु धरणे, जलवाहिन्या आणि नोकरवर्ग ह्यांचा खर्च होता तसाच राहिला. जुलै २०१८ पासून जोडणीच्या व्यासानुसार एक ठरावीक आकार बसवला गेला. “आम्ही पाणी वाचवले आणि वर दंडही भरावयाचा?” असा प्रश्न लोक विचारू लागले. तो अन्यायाचा म्हणता येणार नाही. काटकसरीची योजना आखताना तिची आर्थिक बाजू आधी उलगडून सांगितली नाही, तर लोकांचा विश्वास उडतो, आणि पुढच्या दुष्काळात तो पुन्हा मिळवणे कठीण जाते.

आपल्याकडे ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इंदूरचेच पाहा. १९७८ पासून तेथे नर्मदेचे पाणी येते. ते जलूदहून सुमारे ७० किलोमीटर दूर, विंध्याचा चढ चढवून आणावे लागते. तेथील रस्त्याखाली जे पाणी गळते, त्याच्याबरोबर ते वर चढवण्यास लागलेली वीजही गळते. त्यातच ठरावीक तासच नळ येण्याची आपली जुनी पद्धत. पाणी थोडा वेळ आले म्हणजे थोडे खर्च होते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तसे होईलच असे नाही. नळ कधी येईल ह्याचा नेम नसल्याने तोटी उघडीच राहते, हंडे-पिंपे भरून वाहू लागतात, आणि नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून अंगणात ओतले जाते. शिवाय रिकाम्या जलवाहिनीत फुटक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी शिरते, ते निराळेच.

२००८ पासून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ह्या शहरांतील काही निवडक प्रभागांत नव्या जलवाहिन्या टाकून, घरोघर मीटर बसवून, चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. कऱ्हाडलगतच्या मलकापुरातही मीटर आणि चढते दर ह्यांच्या जोडीने तीच वाट धरली गेली. अशा पुरवठ्याचा सर्वांत मोठा फायदा नळ अखंड येण्याचा वाटतो. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने मात्र तो दुसराच आहे. जलवाहिनी सदैव भरलेली आणि दाबाखाली असल्यामुळे रात्री दोन वाजता तेथील मीटरचा आकडा वाचता येतो, आणि तो वाढला की कोणत्या गल्लीत खोदावयाचे ते ठरवता येते. जेथे नळ तास-दोन तासच येतो, तेथे त्या वेळी वाचण्यासारखे काही नसते. मीटर असला तरी जलवाहिनी रिकामी असते.