फ्लेन्सबुर्गचं पत्र : चिखलातली बालवाडी

फ्लेन्सबुर्ग (जर्मनी)

इथली तीन ते सहा वर्षांची पोरं रोज सकाळी जंगलात जातात, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनात सांगितलं तर कोणीही म्हणेल, त्यात काय नवल? मोहाच्या दिवसांत कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, लेकरंही फुलं वेचायला टोपली घेऊन पहाटेच निघतात. इथे मात्र त्यालाच बालवाडी म्हणतात आणि सरकार तिला अनुदान देतं.

डेन्मार्कच्या सीमेवरच्या या शहरात १९९३ मध्ये पेट्रा येगर आणि केर्स्टिन येबसेन या दोन शिक्षिकांनी जर्मनीतली पहिली सरकारमान्य वनबालवाडी सुरू केली. कल्पना शेजारच्या डेन्मार्कची. आज देशभर अशा हजाराहून जास्त बालवाड्या आहेत. ना भिंती, ना विकतची खेळणी. थंडीत ऊब घ्यायला चाकांवरची एक लाकडी खोली तेवढी. पाऊस असो, बर्फ असो, मुलं बाहेरच. वादळी वाऱ्यात मात्र सुट्टी, कारण फांदी कोसळू शकते.

मला झाडांपेक्षा शिस्तीचं कौतुक वाटलं. पंधरा-वीस मुलांमागे किमान दोन मोठी माणसं. बाई दिसेनाशा होतील इतकं लांब जायचं नाही. चाकू मिळतो, पण बसूनच वापरायचा आणि पातं अंगापासून दूर चालवायचं. घरी गेल्यावर आईबाप गोचीड तपासणार. एवढी बंधनं पाळली की मग पोर झाडावर चढलं तरी कोणी ओरडत नाही.

फायदा होतो का? पीटर हेफनर यांनी २००२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातल्या प्रबंधात पहिलीच्या शिक्षकांची मतं तपासली. वर्गातला सहभाग, लक्ष, इतरांशी वागणं यांत जंगलातून आलेली मुलं सरस ठरली. पण इथे मुलांना जंगलात पाठवणारे पालक बहुधा शिकलेले, हौशी. सगळं श्रेय झाडांना देणं मला पटत नाही.

आपल्याकडे हे आधीच घडलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथल्या वारली आदिवासींची मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. पानं, बिया, खडे हेच शैक्षणिक साहित्य. जर्मनीत पालकांची हौस असते ती तिथे गरज होती.

मुकुटबनला जर्मन नक्कल चालणार नाही. टिपेश्वरचे वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाहीत आणि एप्रिलनंतरचं ऊन कोणाला सोसणार? पण पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत गावालगतच्या झाडोऱ्यात, उजाडल्यावर तास-दोन तास जमण्यासारखं आहे. झाडांची ओळख पोडावरच्या एखाद्या आजीइतकी कोण करून देणार? अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस, अशी दोन माणसं कागदावर आहेतच. मदतनीस खिचडीत अडकलेली असते, म्हणजे आजीलाच दुसरं माणूस धरावं लागेल. तिला मानधन कोणत्या खात्यातून द्यायचं, हे आधी ठरवायला हवं.